पीडितांचे नागरिक होणे

दर वर्षी डिसेंबर उजाडला की देशाला भोपाळची आठवण होते. वृत्तपत्रांतून मृतांचे आकडे पुन्हा छापले जातात, सर्वधर्मीय प्रार्थनासभा भरते, रात्री मशाली निघतात आणि चार दिवसांनी सारे शांत होते. या वार्षिक स्मरणात जे मेले त्यांच्याविषयी बोलले जाते, आणि ते बोलले गेलेच पाहिजे. परंतु जे वाचले, त्यांनी त्या रात्रीनंतरचे आयुष्य कशाच्या आधारावर उभे केले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. आघातानंतर माणूस पुन्हा उभा कसा राहतो, हरवलेले स्वत्व त्याला कसे गवसते, यावर अलीकडे पुष्कळ लिहिले-बोलले जाते. त्या बहुतेक विवेचनांत माणूस एकटा असतो. त्याने आपले मन खंबीर करावे, झाले गेले विसरावे आणि पुढे चालू लागावे, असा एकंदर उपदेश असतो. भोपाळच्या गरीब वस्त्यांतील स्त्रियांनी चाळीस वर्षांत जे करून दाखविले, ते या उपदेशाच्या नेमके उलट आहे. त्या विसरल्या नाहीत म्हणूनच उभ्या राहिल्या. आणि एकट्या राहिल्या नाहीत म्हणूनच टिकल्या.

२ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्यातील टाकीतून मिथिल आयसोसायनेट हा विषारी वायू बाहेर पडला. टाकीत सुमारे चाळीस टन द्रव होता. तो थंड ठेवणारी यंत्रणा काही महिन्यांपूर्वीच बंद करण्यात आली होती, आणि गळती झालीच तर वायू निष्प्रभ करण्यासाठी किंवा जाळून टाकण्यासाठी असलेली साधने त्या रात्री निरुपयोगी ठरली. हा इतिहास आता सर्वश्रुत आहे. वायूचा लोट प्रथम शिरला तो जयप्रकाशनगर, काझी कॅम्प, छोला, चांदबड अशा वस्त्यांत. तेथे राहत होते ते हमाल, बिगारी, हातगाडीवाले, विडीकामगार. दावे निकालात निघाले तेव्हा ५,२९५ मृत्यू अधिकृतपणे मान्य झाले. पीडितांच्या संघटनांच्या मते खरा आकडा याच्या कितीतरी पट आहे. इजा पोहोचलेल्यांची संख्या मात्र सरकारी दप्तरातही पाच लाखांच्या वर आहे.

या पाच लाख जिवंत माणसांनी नेमके काय गमावले, याचा हिशेब नीट मांडला पाहिजे. मध्यमवर्गीय माणसाची ओळख त्याच्या शिक्षणात, पदात, घराण्याच्या नावात विखुरलेली असते; त्यांतील एखादी गोष्ट गेली तरी दुसरी शिल्लक राहते. हमालाची सारी ओळख त्याच्या पाठीत आणि छातीच्या भात्यात असते. ज्याला शंभर पावले चालल्यावर धाप लागते, तो हमाल राहत नाही; आणि हमाल नाही तर घरात, वस्तीत, बाजारात तो कोण, याचे उत्तर त्याच्यापाशी नसते. फुप्फुसे जळाली तेव्हा मजुराचे आरोग्य गेलेच, शिवाय त्याचे भांडवलही गेले आणि त्याच भांडवलावर उभी असलेली कुटुंबातील त्याची जागाही गेली. १९८५ च्या आरंभी मानसोपचारतज्ज्ञांनी गॅस दवाखान्यांत येणाऱ्या रुग्णांची पाहणी केली, तेव्हा पाचांत एकाहून अधिकांमध्ये मानसिक विकार आढळला. त्यांत स्त्रियांची संख्या अधिक होती. औषधाची बाटली आणि गोळ्यांची पुडी घेऊन परतणाऱ्या त्या रुग्णांना नेमके काय दुखते, हे सांगण्यासाठी शब्दही नव्हते.

स्त्रियांच्या बाबतीत प्रकार आणखी बिकट होता. ज्या समाजात स्त्री अमक्याची मुलगी, तमक्याची बायको आणि फलाण्याची आई म्हणूनच ओळखली जाते, तेथे एका रात्रीत नवरा व मुले गेली तर तिचे नावच पुसले जाते. सरकारने विधवांसाठी करोंद भागात सुमारे अडीच हजार घरांची वसाहत बांधली आणि तिला ‘जीवनज्योती’ असे नाव दिले. भोपाळच्या लोकांनी ते नाव कधी उच्चारले नाही; ते तिला ‘विधवा कॉलनी’च म्हणतात. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना, मुलीचे स्थळ पाहताना, मुलाला नोकरी शोधताना त्या घरांतील बाईला दर वेळी आपले दुर्दैवच पत्ता म्हणून सांगावे लागते. डोक्यावर छप्पर आले ही गोष्ट लहान नाही. पण त्या छपराखाली तिला जी ओळख मिळाली, ती तिच्या सर्वांत मोठ्या जखमेची होती.

कागदावरचा माणूस

तिसरी हानी कायद्याने केली, आणि ती सर्वांत कमी चर्चिली गेली. मार्च १९८५ मध्ये संसदेने भोपाळच्या दाव्यांसंबंधी कायदा केला आणि सर्व पीडितांच्या वतीने दावा चालविण्याचा अधिकार केंद्र सरकारने स्वतःकडे घेतला. त्यामागचा युक्तिवाद असा की, राज्यसंस्था ही असहायांची पालक असते. गरिबांना अमेरिकन कंपनीशी एकट्याने लढणे शक्य नव्हते, हे खरेच आहे. तथापि पालक आला की समोरचा अज्ञान ठरतो. मतदार यादीत नाव असलेली लाखो प्रौढ माणसे आपल्याच दुःखाच्या दाव्यात अज्ञान बालके ठरली. पुढे फेब्रुवारी १९८९ मध्ये या पालकाने कंपनीशी ४७ कोटी डॉलरवर तडजोड केली. आरंभीची मागणी ३ अब्ज डॉलरहून अधिक होती. ज्यांच्या वतीने ही तडजोड झाली, त्यांना विचारण्याची आवश्यकता कोणालाही वाटली नाही.

त्याआधी डिसेंबर १९८७ मध्ये भोपाळचे जिल्हा न्यायाधीश देव यांनी पीडितांना ३५० कोटी रुपये अंतरिम मदत देण्याचा आदेश कंपनीला दिला होता. उच्च न्यायालयाने ती रक्कम २५० कोटींवर आणली; आणि तडजोडीमुळे तो सारा विषयच मागे पडला. १९९० पासून सरकारने शहराच्या ५६ पैकी ३६ वॉर्डांतील लोकांना दरमहा २०० रुपये देण्यास सुरुवात केली. मग दावा अर्ज, वैद्यकीय तपासणी, इजेची वर्गवारी, पुरावा, तारीख आणि पुन्हा तारीख असा फेरा सुरू झाला. मध्यस्थ आले, दलाल आले. ज्या माणसाला श्वास घेता येत नव्हता, त्याला आपल्याला श्वास घेता येत नाही हे कागदाने सिद्ध करावे लागले. बहुसंख्य पीडितांच्या हाती अखेर २५ हजार रुपये पडले, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ मधील आदेशानंतर तितकेच आणखी. आयुष्यभराच्या आजाराची ही किंमत होती. परंतु रकमेहूनही घातक होती ती या व्यवहारातून मिळणारी शिकवण: तू जितका दुबळा दिसशील, तितका तुझा हक्क मोठा. माणसाला पायावर उभे करण्याची ही रीत नव्हे. त्याला कायमचा याचक ठेवण्याची ही रीत आहे.

शिवणयंत्रापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत

या पार्श्वभूमीवर भोपाळच्या स्त्रियांचे कार्य पाहिले पाहिजे. त्याची सुरुवात अगदी साध्या गोष्टीतून झाली. दुर्घटनेनंतर सरकारने पीडित स्त्रियांसाठी काही शिवणकेंद्रे उघडली होती. त्यांतील कित्येक स्त्रिया पडद्यात वाढलेल्या होत्या; बाजारहाटही पुरुषांनीच करावा, अशी घरची रीत. केंद्रावर त्या प्रथम आल्या त्या पोटासाठी. पण तेथे आल्यावर त्यांना शेजारच्या यंत्रावर बसलेली दुसरी बाई दिसली, जिचे मूल त्याच रात्री गेले होते. हाताला काम होते, महिन्याकाठी स्वतःच्या नावाने पैसे मिळत होते आणि बोलायला माणूस होते. सरकारने ही केंद्रे बंद करण्याचा निर्णय घेतला, तेव्हा या स्त्रिया रस्त्यावर आल्या. त्या लढ्यातून भोपाळ गॅस पीडित महिला उद्योग संघटना उभी राहिली.

अब्दुल जब्बार हे तिचे संयोजक. राजेंद्रनगर वस्तीत राहणारा, तिशीच्या आतला हा तरुण त्या रात्री आईला स्कूटरवर बसवून शहराबाहेर घेऊन गेला होता. पुढे वायूच्या परिणामांनी त्यांनी आईवडील आणि भाऊ गमावले. स्वतःची दृष्टी अधू झाली, फुप्फुसे खराब झाली. ‘खैरात नही, रोजगार चाहिए’ ही त्यांची घोषणा. वर वर पाहता ती एका मागणीची घोषणा आहे; वस्तुतः तीत माणसाच्या स्वत्वाविषयीचा एक संपूर्ण विचार सामावलेला आहे. महाराष्ट्रातील वाचकाला तो परका वाटू नये. बाबा आमटे यांनी आनंदवनात कुष्ठरोग्यांच्या हाती भिक्षापात्राऐवजी कुदळ दिली, ती याच श्रद्धेने. दानाने माणूस जगतो, पण दात्याच्या नजरेत आणि हळूहळू स्वतःच्याही नजरेत तो उणा होत जातो. कामाने तो दुसऱ्याच्या उपयोगी पडतो. आणि आपण कोणाच्या तरी उपयोगी पडतो ही जाणीव हाच स्वत्वाचा पाया आहे. जब्बारभाईंनी पुढे चालविलेल्या केंद्राचे नाव ‘स्वाभिमान केंद्र’ असावे, हा योगायोग नाही. तेथे स्त्रिया शिवण शिकल्या, जरदोजी शिकल्या. आणि दर शनिवारी यादगार-ए-शाहजहानी उद्यानात त्यांची सभा भरू लागली. ती आठवड्यामागून आठवडे, वर्षामागून वर्षे भरत राहिली. १९८९ च्या तडजोडीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देणाऱ्यांत ही संघटना होती. ऑक्टोबर १९९१ मध्ये न्यायालयाने रक्कम कायम ठेवली, परंतु तडजोडीत रद्द झालेले फौजदारी खटले पुन्हा जिवंत केले. शिवणयंत्रावर बसलेल्या बायांनी, ‘आमच्या वतीने तुम्ही क्षमा करू शकत नाही’, एवढे तरी देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाकडून मान्य करून घेतले.

रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला यांची कथा याच जातीची आहे. रशीदा बी यांचे लग्न तेराव्या वर्षी झालेले. अक्षरओळख नाही, घराबाहेरच्या जगाशी संबंध नाही. वायूने त्यांच्या कुटुंबातील सहाजणांचा बळी घेतला. चंपादेवींचा नवरा गेला. पुढे घरात जन्मलेल्या नातीच्या शरीरातही व्यंग आले. एक मुसलमान, दुसरी हिंदू. पीडितांसाठी काढलेल्या स्टेशनरी कारखान्यात १९८६ मध्ये दोघी कामाला आल्या आणि वेतन व कामाच्या परिस्थितीसाठी त्यांनी तेथील स्त्रियांची स्वतंत्र संघटना बांधली. १९८९ मध्ये या स्त्रिया मुलाबाळांसह भोपाळहून दिल्लीपर्यंत पायी गेल्या. अंतर साडेसातशे किलोमीटरच्या आसपास. ज्यांना चालताना धाप लागते, अशा बायांची ती पदयात्रा होती. ज्या उंबऱ्याबाहेर एकट्याने पाऊल टाकीत नव्हत्या, त्या पंतप्रधानांना भेटायला निघाल्या होत्या. २००४ मध्ये दोघींना पर्यावरणकार्यासाठीचा गोल्डमन पुरस्कार मिळाला. त्या रकमेतून त्यांनी चिंगारी ट्रस्ट स्थापन केला. आज त्याच्या केंद्रात पीडित कुटुंबांत जन्मलेल्या व्यंगग्रस्त मुलांना व्यायामोपचार, वाचोपचार आणि शिक्षण विनामूल्य मिळते. ‘आम्ही फुले नव्हेत, ठिणग्या आहोत’ अशी या बायांची मोर्चातील घोषणा होती. त्या ठिणगीवरूनच ट्रस्टला नाव मिळाले.

सावरणे म्हणजे काय?

या स्त्रियांचे दुःख हलके झाले का? तसे मानणे भाबडेपणाचे ठरेल. गेलेले मूल मोर्चाने परत येत नाही, आणि जळलेले फुप्फुस घोषणेने भरून निघत नाही. पण दुःखाची जागा बदलली. घराच्या कोपऱ्यात ते एकटीचे नशीब होते; उद्यानातील सभेत ते सर्वांचे गाऱ्हाणे झाले; न्यायालयात ते आरोप झाले. दैवाने केले असे मानून माणूस रडतो. माणसांनी केले हे कळले की तो जाब विचारतो. रडणारी आणि जाब विचारणारी या दोन बाया एकच असतात, तथापि दुसरीला सकाळी उठण्याचे कारण असते. शनिवारी सभा आहे, तारखेला वकिलांकडे जायचे आहे, शेजारणीचा अर्ज भरायचा आहे. उद्दिष्ट हे असे लहान लहान कामांतून परत येते. कोणत्याही प्रवचनातून ते हाती लागत नाही.

दुसरी गोष्ट नावाची. ‘गॅसपीडित’ हा सरकारने चिकटविलेला शिक्का होता. या स्त्रियांनी तो टाकून दिला नाही. त्यांनी तो आपल्या संघटनेच्या नावात घेतला आणि त्यापुढे ‘महिला’, ‘उद्योग’, ‘कर्मचारी’ हे शब्द जोडले. पीडित हे आमच्यावर गुदरलेल्या प्रसंगाचे नाव. कर्मचारी हे आमचे स्वतःचे नाव, असा त्या शब्दरचनेचा अर्थ आहे. झालेली हानी नाकारायची नाही आणि त्या हानीतच आपले सारे आयुष्य बुडूही द्यायचे नाही, हा तोल मोठमोठ्या ग्रंथकारांनाही साधत नाही. तो भोपाळच्या निरक्षर बायांना साधला. २०१४ मध्ये पीडितांनी सरकारचा किंवा कंपन्यांचा पैसा न घेता स्वतःचे स्मृतिसंग्रहालय उभे केले. त्यात मृतांचे कपडे, वस्तू आणि नातलगांच्या आवाजातील आठवणी मांडल्या. स्मृती ही ओझे न राहता साक्ष झाली.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो विचारात घेतला पाहिजे. संघटनेत आलेल्या स्त्रियांची संख्या हजारांत, पीडितांची लाखांत. ज्यांना सभेला येण्याइतकीही शक्ती नव्हती, जे कुढत राहिले, त्यांचे काय? शिवाय चळवळीतही फाटाफूट झाली. एकाच दुःखाच्या अनेक संघटना झाल्या आणि त्या परस्परांवर रुष्ट राहिल्या. हे सारे खरे आहे. संघटना हा सर्व जखमांवरचा उतारा नाही. ज्याचे मन मोडले आहे त्याला वैद्य हवा, औषध हवे, आणि ते त्याला वर्षानुवर्षे मिळण्याची सोय राज्यसंस्थेने केली पाहिजे. भोपाळचा अनुभव उपचारांना पर्याय देत नाही. नुसत्या उपचारांनी माणसाची समाजातील जागा त्याला परत मिळत नाही, एवढेच तो सांगतो.

कौतुकाचा धोका

परंतु याहून मोठा धोका दुसरीकडे आहे. पीडितांच्या जिद्दीचे कौतुक करण्याची आता प्रथाच पडली आहे. पुरस्कार दिले जातात, चित्रपट निघतात, ‘इतके सोसूनही त्या कशा हसतात पाहा’, असे भारावून म्हटले जाते. हे कौतुक ऐकताना एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते: ही जिद्द त्यांना दाखवावी लागली, कारण ज्यांचे देणे होते त्यांनी ते बुडविले. अब्दुल जब्बार १४ नोव्हेंबर २०१९ रोजी गेले. अखेरच्या आजारात त्यांच्या उपचारांसाठी लोकांना मदतीचे आवाहन करावे लागले. ज्याने आयुष्यभर खैरात नाकारली, त्याच्यावर ही पाळी आली. दोन महिने उलटले आणि मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली. सन्मान त्यांना मिळालाच पाहिजे होता. पण ज्या मागण्यांसाठी ते पस्तीस वर्षे झगडले, त्या सन्मानपत्राबरोबर मान्य झाल्या नाहीत.

न्यायाच्या बाजूचा ताळेबंद पाहा. जून २०१० मध्ये भोपाळच्या न्यायालयाने कंपनीच्या सात भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा सुनावली आणि लगेच त्यांना जामीन मिळाला. मुख्य आरोपी वॉरन अँडरसन भारतीय न्यायालयासमोर कधीच उभा राहिला नाही. २०१४ मध्ये तो अमेरिकेत मरण पावला. अधिक भरपाईसाठी केंद्र सरकारने २०१० मध्ये केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने १४ मार्च २०२३ रोजी फेटाळली. कारखान्याच्या आवारात पडून असलेला सुमारे ३३७ टन विषारी कचरा चाळीस वर्षांनी, २०२५ च्या जानेवारीत, पीथमपूरला हलविण्यात आला आणि तेथील लोकांच्या विरोधाला न जुमानता त्याच वर्षी जाळण्यात आला. आवारातील माती आणि आसपासच्या वस्त्यांखालचे दूषित पाणी यांचा प्रश्न त्याने सुटलेला नाही. म्हणजे ज्या बाईने आपले आयुष्य पुन्हा उभारले, तिच्या नातवंडांच्या पायाखाली तीच जमीन आहे.

म्हणून व्यक्तीच्या सावरण्याचा प्रश्न आणि समाजाच्या न्यायाचा प्रश्न यांची फारकत करता येणार नाही. अपघात, भूकंप, पूर, दंगल, धरणाने उठविलेले गाव, बंद पडलेला कारखाना, आघात कोणताही असो, वाचलेल्या माणसाला तीन गोष्टी लागतात. हाताला असे काम, ज्यात दया नाही. सोबतीला अशी माणसे, ज्यांना समजावून सांगावे लागत नाही. आणि डोळ्यांसमोर अशी आशा, की झालेल्या अन्यायाला कोणीतरी अन्याय म्हणेल. पहिल्या दोन गोष्टी भोपाळच्या स्त्रियांनी स्वतःच्या कष्टाने मिळविल्या. तिसरी त्यांच्या हातची नव्हती. ती देशाची होती, आणि देशाने ती अजून दिलेली नाही.

येत्या डिसेंबरात पुन्हा मशाली निघतील. आता त्या हाती धरणाऱ्या बाया म्हाताऱ्या झाल्या आहेत, आणि त्यांच्यापैकी दर वर्षी काही कमी होत आहेत. त्यांना सहानुभूती द्यायला येणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की सहानुभूती त्यांनी कधी मागितली नव्हती. त्यांनी शुद्ध पाणी मागितले होते, औषधोपचार मागितले होते, काम मागितले होते आणि अपराध्याला शिक्षा मागितली होती. नागरिक जे मागतो तेच त्यांनी मागितले. त्या कधीच्याच पीडितांच्या नागरिक झाल्या आहेत. त्यांना नागरिक म्हणून वागविण्याचे काम मात्र अद्याप बाकी आहे.